पिवळ्या चरबीचे कासव

लंडनच्या क्लार्कनवेल भागात एक सृष्टिविज्ञान मंडळ होते आणि त्या मंडळाला चिकटून एक भोजन-क्लब होता. मंडळाचे लोक म्हणत, आधी मंडळ निघाले आणि मग पोटाची सोय म्हणून क्लब निघाला. क्लबचे लोक म्हणत, आधी क्लब निघाला आणि जेवणानंतर डुलक्या काढायला जागा हवी म्हणून मंडळ काढले. पुरावा कोणाकडेच नव्हता, त्यामुळे हा वाद उत्तम टिकला.

दर गुरुवारी संध्याकाळी क्लबची मंडळी पांढऱ्या हंसाची पाटी असलेल्या खानावळीत जेवत आणि मग गल्ली ओलांडून मंडळाच्या सभेला जात. क्लबचे नियम दोनच. पहिला, टेबलावर विज्ञानाचा विषय काढायचा नाही. याला कारण घडले होते. पहिल्याच वर्षी ईल मासे चिखलातून जन्मतात की अंड्यातून, यावर वाद होऊन एका डॉक्टरांनी एका पाद्रीबुवांवर रश्श्याचे भांडे उपडे केले होते. पाद्रीबुवा यथावकाश बरे झाले. पण रस्सा चांगला जमला होता, आणि ते दुःख क्लबला विसरता आले नाही. दुसरा नियम, टेबलावर जे बोलले जाईल ते सभागृहात न्यायचे नाही.

याशिवाय एक रीत होती. जो कोणी क्लबला कासव किंवा हरणाची मांडी भेट देईल, तो मतदानाशिवाय जन्मभराचा सभासद होई. या रीतीने एक लाकडाचा व्यापारी आत आला होता. त्याला बेडूक कोणता आणि सरडा कोणता हे शेवटपर्यंत कळले नाही, पण तो माणूस म्हणून सर्वांना आवडे.

सेप्टिमस गॅरड क्लबचा सभासद नव्हता. तो मंडळाच्या कपाटांचा रक्षक होता. कपाटांत वाळवलेले मासे, भरलेले पक्षी आणि बाटल्यांतले साप होते; त्यांची धूळ पुसणे, त्यांना कसर लागू न देणे हे त्याचे काम. तरुणपणी तो जहाजावर वैद्य होता. तेव्हा हिंदी महासागरातल्या एका बेटावर त्याला जमिनीवर राहणारे प्रचंड कासव दिसले होते. त्याची मान हंसासारखी लांब, पाय हत्तीसारखे, आणि ते मान उंच करून झुडपांची पाने खात होते; मागची टेकडी तसल्याच शेकडो कासवांनी भरलेली होती. परत आल्यावर गॅरडने मंडळापुढे निबंध वाचला. अध्यक्ष सर एव्हरार्ड ड्रिफील्ड यांनी तो शांतपणे ऐकला आणि ते म्हणाले, एवढी मोठी कासवे समुद्रातच असतात, जमिनीवर ती अंडी घालण्यापुरती येतात. बाकीचा भाग उन्हाचा आणि रमचा दिसतो.

सभागृह खूप हसले, आणि ते हसणे पुढे कधी थांबलेच नाही. मंडळात जे नाही ते सगळे ‘गॅरडचं कासव’ झाले. कोणाची छत्री हरवली तर ती गॅरडच्या कासवावर बसून गेली. कोणी लग्नाची आशा धरून बसला की मित्र विचारत, “मुलगी खरी आहे ना, का गॅरडचं कासव?” गॅरड हे ऐके आणि बाटल्या पुसे. त्याला पैसा नको होता, पदवी नको होती. आपण पाहिले ते खरे होते, एवढे एकदा त्या सभागृहाने म्हणावे, इतकीच त्याची इच्छा होती.

शेवटी कॅप्टन लुडलो नावाचा जुना ओळखीचा खलाशी त्या बेटाकडे निघाला. गॅरडने त्याचे दोन्ही हात धरले. “जिवंत आण. आणि गुरुवारीच पोचव. गुरुवारी सगळे हजर असतात.”

वर्ष उलटून गेल्यावर कॅप्टनचा निरोप आला, की जनावर ठणठणीत आहे आणि सांगितल्याप्रमाणे गुरुवारी पोचेल. त्या दिवशी गॅरड पहाटेपासून वरच्या मजल्यावर, सभागृहात होता. त्याने मोठे टेबल मोकळे केले, खाली गवत अंथरले, कोबीचा एक गड्डा आणून ठेवला. दुपार झाली तरी काही येईना, तेव्हा तो खाली दरवानाकडे गेला.

“नोक्स, माझ्या नावाने पेटारा आला नाही?”

“आला की. सकाळीच आला. आत कासव होतं.”

“मग कुठे आहे?”

नोक्सने गल्लीपलीकडे बोट दाखवले. “कासव आलं की पलीकडे जातं साहेब. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच आहे. कॅप्टनसाहेबांना म्हटलं, थांबा, चहा घ्या. ते म्हणाले, भरती चुकेल. गेले.”

गॅरड टोपी न घालताच गल्ली ओलांडून धावला. खानावळीच्या स्वयंपाकघरात टिबल्डबाई मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होत्या. वास चांगला येत होता.

“या गॅरडसाहेब! नशीब काढलंत, आता तुम्ही सभासद होणार. पण जनावर हट्टी हो. सुरी लागेना. शेवटी शेजारच्या लोहाराला बोलावून घणाने कवच फोडलं आणि तुकडे रश्श्यात टाकले, दाटपणा येतो.”

“डोकं? डोकं तरी ठेवलंय?”

“डोकं आधी टाकतात साहेब. नाहीतर रस येत नाही.”

गॅरड पिठाच्या पोत्यावर बसला. बाईंना वाटले, आनंदाने बसला. त्यांनी त्याला घोटभर ब्रँडी दिली, आणि तेवढ्यात क्लबची मंडळी आलीच. देणगीदार स्वयंपाकघरात बसला आहे हे कळताच त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेले आणि अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसवले. त्या खुर्चीत तो आजवर कधी बसला नव्हता.

“गॅरड, तुमच्यात एवढं औदार्य असेल असं वाटलं नव्हतं,” सर एव्हरार्ड म्हणाले.

“सर, हे कासव...”

“जेवणानंतर. टेबलावर शास्त्र नाही.”

सूप वाढले गेले. गॅरडने चमच्याला हात लावला नाही. बाकीच्यांनी लावला, आणि पहिल्या घोटानंतर ते एकमेकांच्या वाटीत डोकावू लागले. तिथे बसलेले लोक आयुष्यभर समुद्री कासवाचे सूप पीत आले होते. त्या सुपात हिरवी चरबी तरंगते, आणि ती कोणाच्या वाटीत किती आली यावरून जुन्या मैत्र्या तुटलेल्या होत्या.

“टिबल्डबाई,” सर एव्हरार्डनी हाक मारली, “हिरवी चरबी कुठे आहे?”

“नव्हतीच साहेब. पिवळी निघाली. बदकासारखी.”

“पिवळी? मी चाळीस वर्षं कासव खातोय. पिवळी चरबी कधी पाहिली नाही.” त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. “हे ते जनावरच नाही. हे समुद्राचं नाही. याला माशाचा वास म्हणून नाही. हे पाल्यावर वाढलंय.”

गॅरड खुर्चीत पुढे सरकला. त्याने बोलायला तोंड उघडले, पण पलीकडून रेव्हरंड पॉन्सफर्डनी तक्रार केली. कासवाचा वल्ह्यासारखा पंख पाद्रीबुवांच्या ताटात यायचा, हा त्यांचा मान होता.

“बाई, हा पंख नाही. हा पाय आहे. याला नखं आहेत!”

“चारही पायच होते हो बुवा. हत्तीचे असतात तसे.”

“अहो, खा की आता,” शेजारचा म्हणाला. “देणगी आहे, नावं ठेवू नयेत.”

पाद्रीबुवा सभ्य गृहस्थ. त्यांनी पाय खाल्ला, आणि देणगीदार समोरच बसला आहे हे पाहून नखेही खाल्ली.

जेवण आटोपल्यावर सर एव्हरार्ड उभे राहिले. रीतीप्रमाणे गॅरडला सभासद करून घ्यायचे होते. त्यासाठी त्याने फक्त पेला उचलायचा होता. पेला त्याच्यासमोर भरून ठेवला होता. गॅरडने त्याच्याकडे पाहिले. सभासद झाला की दुसरा नियम त्यालाही लागू होणार, आणि मग इथे ऐकलेला एक शब्दही त्याला गल्लीपलीकडे नेता येणार नव्हता. कासव तर गेलेच होते. उरले होते ते एवढे शब्द.

“क्षमा करा सर,” तो म्हणाला, “मला सभासद व्हायचं नाही.”

क्लबच्या इतिहासात असे कोणी म्हटले नव्हते. असे म्हटले तर काय करायचे याचा नियम नसल्याने मंडळी उठून सभेला गेली.

सभागृह भरलेले होते. क्लबवाले पहिल्या रांगेत बसले. गॅरड रिकाम्या टेबलामागे उभा राहिला आणि त्याने जुनाच निबंध पुन्हा वाचला. लांब मान, जाड पाय, झुडपांचा पाला. टेकडीच्या उतारावर चरणारी अशी शेकडो कासवे, हेही वाचले.

“आणि जनावर कुठे आहे?” मागच्या बाकावरून कोणी विचारले.

“पहिल्या रांगेत,” गॅरड म्हणाला.

लोक हसले. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, “आज संध्याकाळी या सद्‌गृहस्थांनी ते खाल्लं. सर एव्हरार्ड म्हणाले, चरबी पिवळी आहे, हे समुद्राचं नाही, पाल्यावर वाढलंय. रेव्हरंड पॉन्सफर्डना पंखाऐवजी नखांचा पाय मिळाला. मी क्लबचा सभासद नाही, म्हणून मला सांगता येतं. त्यांना बोलता येत नाही, हे मला माहीत आहे. मी खोटं सांगत असेन तर त्यांनी फक्त मान हलवून नाही म्हणावं.”

पहिल्या रांगेत एकही मान हलली नाही. रेव्हरंड पॉन्सफर्ड छताकडे पाहत होते.

“हा काय पुरावा झाला?” मागून तोच आवाज आला. “सर एव्हरार्डचं वय झालं आता. काय खाल्लं ते त्यांना काय कळणार? घोड्याची चरबी दिली असती तरी कासव म्हणून खाल्ली असती.”

सर एव्हरार्ड सावकाश उठले. त्यांच्या शोधांना लोकांनी नावे ठेवली होती, त्यांच्या ग्रंथांतल्या चुका काढल्या होत्या, त्यांनी ते सगळे सोसले होते. पण असे कोणी बोलले नव्हते. त्यांचे कान लाल झाले.

“चरबी पिवळी होती,” ते म्हणाले. “मांस गवत खाणाऱ्या जनावराचं होतं. पाय चालायचे होते, पोहायचे नव्हते. असं कासव जमिनीवर राहतं, आणि गॅरड पहिल्यापासून खरं सांगत आहेत. मी चुकलो. तोंडाच्या चवीत मात्र मी आजवर चुकलेलो नाही, हे त्या मागच्या गृहस्थांनी लक्षात ठेवावं.”

पहिल्यांदा टाळी कोणी वाजवली ते कळले नाही. सभेने निबंध स्वीकारला. लोक पुढे येऊन गॅरडचा हात हातात घेऊ लागले, त्यात छत्रीवाले होते आणि लग्नाची आशा धरून बसलेलेही होते. गॅरड नुसता मान डोलवत राहिला.

गर्दी ओसरल्यावर सर एव्हरार्ड जवळ आले. त्यांनी गॅरडच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

“गॅरड, नियम मोडल्याबद्दल मला वर्षभर टेबलाच्या शेवटी बसावं लागणार. त्याचं काही नाही. पण ते सूप... खरं सांगतो, तसं सूप मी जन्मात प्यायलो नाही. हिरव्या चरबीत आता राम नाही. लुडलोला पुन्हा पाठवू. क्लब खर्च करील. जहाज भरून आणता येतील, नाही का? तुम्ही म्हणालात, टेकडी भरलेली होती.”

त्यांच्या मागे रेव्हरंड पॉन्सफर्ड आणि बाकीची मंडळी उभी होती. सगळ्यांचे डोळे गॅरडच्या तोंडाकडे होते. त्याच्या शब्दाची अशी वाट आजवर कोणी पाहिली नव्हती.

“नाही सर,” गॅरड म्हणाला. “आता एकही उरलं नाही. हे शेवटचं होतं.”

“पण ती टेकडी?”

“तरुण होतो सर. एकाची शंभर दिसायची.”

सर एव्हरार्डनी सुस्कारा टाकला. पाद्रीबुवांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. कोणी शंका घेतली नाही, कोणी पुरावा मागितला नाही. सगळ्यांनी तिथल्या तिथे त्याच्यावर विश्वास ठेवला आणि जड पावलांनी ते घरी गेले.