वेल्डन हॅगर्टीचे पाय

सिनेमा संपला, दिवे लागले, आणि कॉटनवुड बेंडच्या लोकांनी टाळ्या थांबायच्या आतच खुसपटं काढायला सुरुवात केली. तो त्यांचा हक्कच होता म्हणा. गेल्या उन्हाळ्यात हॉलिवूडची मंडळी त्यांच्याच कुरणांत तंबू ठोकून गुराख्यांचा, गाण्यांचा, रंगीत सिनेमा काढून गेली होती, आणि आज शनिवारी दुपारी तो पहिल्यांदा गावच्या थिएटरात लागला होता. अर्धं गाव गर्दीत उभं राहायला म्हणून पडद्यावर होतं. त्यामुळे नायक कोण, नायिका कोण याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. जो तो आपलं डोकं शोधत बसला होता.

ओपल हॅगर्टीला मात्र काहीच शोधायचं नव्हतं. शूटिंगच्या दिवसांत ती धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला डेन्व्हरला गेली होती. परत आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं होतं, काय काय झालं इथे? वेल्डन म्हणाला होता, "काही नाही. उभं केलं होतं आम्हाला." वेल्डनने एवढं सांगितलं म्हणजे पुष्कळ सांगितलं, असं समजून तिने तो विषय सोडून दिला होता.

आणि आज तोच वेल्डन, धान्याच्या कोठारातल्या मोठ्या गाण्यात, सगळ्या गावादेखत नाचला होता. आधी पडद्यावर दोन बूट आले, असे झरझर फिरणारे, टाच आपटून हवेतच वळणारे, की थिएटरातली पोरं शिट्ट्या मारायला लागली. मग चित्र बदललं आणि बुटांच्या जागी कमरेपासून वरचा वेल्डन आला. हसत होता. त्याच्या मिठीत पिवळ्या झग्यातली व्हर्लीन पीबॉडी होती. व्हर्लीन गावात बायकांचे केस सेट करून देते. तिचा नवरा अलास्काला मासे पकडायला म्हणून गेला तो तिकडचाच झाला, आणि त्याचं तिला फारसं काही वाटलेलं कधी कुणाला दिसलं नाही.

हा काय प्रकार होता ते कळायला ओपलच्या संसारात डोकवायला हवं. लग्नाआधी ओपल म्हणजे या गावच्या नाचांची राणी होती. व्हायोलिन घासणारा फिडलवाला थकायचा, ही थकायची नाही. वेल्डनचा डावा गुडघा एका अडमुठ्या घोड्याने कुंपणावर चिरडला होता, तो पुढे कधी नीट वाकला नाही. लग्न झालं तसं ओपलने नाचणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाच असला की नवरा दाराजवळच्या बाकावर बसायचा आणि ही त्याच्या शेजारी. इतरांनी बोलावलं तरी उठायची नाही. पाय खाली आपोआप ताल धरायचे, ते ती घोट्यावर घोटा ठेवून दाबून धरायची. नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तिने आपल्या जिवाची हौस मारली होती, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

आता कळलं की गुडघ्याला काही झालेलंच नव्हतं. निदान पिवळा झगा समोर असला की काही होत नव्हतं.

सिनेमाभर वेल्डन तिच्या शेजारीच होता. नाचाचं गाणं लागलं तेव्हा तो खुर्चीत घसरत घसरत इतका खाली गेला की नुसती टोपी वर राहिली. दिवे लागताच पिकअप बघतो म्हणून जो सटकला तो थेट हॉलमध्येच पुन्हा दिसला.

अशा दिवशी गाव घरी जात नाही. हॉलमध्ये जेवण असतं, प्रत्येक बाई काहीतरी करून आणते, आणि उजेड असेतोवर नाच चालतो. ओपलने चेरीचं सारण भरून भाजलेला गोड 'पाय' आणला होता. तो कापताना तिच्या कानांवर सिनेमाचे अभिप्राय पडत होते. म्हातारा ऑरिन टटल सांगत होता की नायक कळप घेऊन मैलोन् मैल जातो, पण मागचा डोंगर काही हलत नाही, तेव्हा हा इसम नक्की आपल्याच कुरणाला फेऱ्या मारत होता आणि गवताचे पैसे द्यायला हवे होते. पाद्रीबाईंचं, म्हणजे मिसेस लिंडक्विस्टचं म्हणणं, मुली पाय फार वर उडवतात, पण नक्की किती वर ते पाहायला त्या उद्या पुन्हा जाणार होत्या. माणूस गळा काढून गातो आणि गुरं बुजत नाहीत, हे कुणालाच पटलं नव्हतं. नायकाचे दात खरे की बसवलेले यावर तर दोन तट पडले होते.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. सिनेमात बघण्यासारखं काही असेल तर वेल्डनचा नाच.

"काय गं ओपल," मिसेस लिंडक्विस्ट बशी पुढे करत म्हणाल्या, "इतकी वर्षं आमच्यापासून लपवून ठेवलास होय असा नाचणारा? घरी एकटीच नाचवत होतीस वाटतं."

ओपल हसली. हसताना तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तिने त्यांना सगळ्यात लहान तुकडा दिला.

पलीकडे व्हर्लीन उभी होती, तोच पिवळा झगा घालून. सिनेमावाल्यांनी तो तिला देऊन टाकला होता म्हणे. पडद्यावर आपली पाठच फार दिसली, पण पाठही काही वाईट नाही, असं ती बायकांना सांगत होती आणि बायका हसत होत्या. ओपलने त्या पाठीकडे पाहिलं. खरंच वाईट नव्हती. तेच तर डोळ्यांत खुपत होतं. किती दिवस नाचत होते हे दोघं? कोण कुणाला शिकवत होतं? ती बहिणीच्या बाळाचे लंगोट धूत होती तेव्हा हा इथे टाचा आपटत होता. आणि ते हसणं. पायांचं एक वेळ सोडून देता आलं असतं, पण तसं हसू तिने त्याच्या तोंडावर लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

टेबलं भिंतीला लागली, फिडल सुरू झालं. वेल्डन सवयीने दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला. ओपल गेली नाही. ती चेरी पायच्या रिकाम्या ताटाजवळ उभी राहिली, आणि दोन नाच झाल्यावर फिडलवाल्याने हाक दिली, आता बायकांचं बोलावणं.

या नाचाला बोलावणं बायकांनी करायचं असतं, आणि पुरुषाने नाही म्हणायचं नसतं. दारू प्यायलेला असो, जेवत असो, उठायचंच. गावात याबद्दल भांडणं झाली आहेत, पण नियम कुणी मोडलेला नाही. ओपलने हात पुसले. तिने ठरवलं होतं. जायचं, समोर उभं राहायचं आणि सगळ्या गावादेखत त्याला उठवायचं. नाचला तर लबाड ठरेल, नाही नाचला तरी लबाड ठरेल.

पण ती हॉलच्या मध्यावर पोचेतो पिवळा झगा बाकापाशी पोचला होता.

"ऊठ वेल्डन," व्हर्लीन म्हणाली.

वेल्डन उठला, पण जागचा हलला नाही. त्याचे कान लाल झाले. मग त्याने, ज्याला गावाने एका वेळी चार शब्दांहून जास्त बोलताना ऐकलं नव्हतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मंडळी, ते पाय माझे नव्हते. पाय त्यांच्या नाचणाऱ्या माणसाचे. तुम्ही सगळे घरी गेल्यावर मला नुसतं पेटीवर उभं केलं होतं, आणि दोघं जण खाली बसून मला कमरेला धरून हलवत होते. ही पण पेटीवरच होती. मी दोनदा पडलो."

हॉल असा हसला की फिडलवाल्याला थांबावं लागलं. ऑरिन टटलने डोळे पुसले आणि हा सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग, तोच त्या गाढवांनी गाळला, असा अभिप्राय दिला.

ओपलही हसली, आणि यावेळी खरंच. छातीवरचं ओझं उतरलं. गुडघा खरा होता, तिची इतकी वर्षं खरी होती, आणि पिवळा झगा तोंडघशी पडला होता. आता व्हर्लीन मागे फिरेल, वेल्डन बसेल, आणि आपण त्याच्या शेजारी जाऊन बसू.

व्हर्लीन मागे फिरली नाही. "हे मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "माझ्याच अंगावर पडला होतास. चल."

आणि वेल्डन गेला.

तो जे करत होता त्याला नाच म्हणणं कठीण होतं. डावा पाय मागून खेचत आणायचा, उजव्यावर उडी मारायची, वळताना व्हर्लीनला धरून तोल सावरायचा. दोन जोड्यांना त्याने धडक दिली. व्हर्लीनच्या पायावर पाय दिला, तिने त्याला शिवी हासडली, आणि तो हसला. पडद्यावरचं तेच हसू. इथे त्याला कमरेला धरून हलवणारं कुणी नव्हतं. लोकांनी ठेका धरला, मोकळी जागा करून दिली, आणि सिनेमाला पडल्या नव्हत्या इतक्या टाळ्या त्या लंगड्या नाचाला पडल्या. ओपल हॉलच्या मध्यावर उभी होती, लोक तिला बाजूला सरकायला सांगत होते. तो उत्तम नाचत होता असं वाटलं तेव्हासुद्धा तिला इतकं लागलं नव्हतं.

नाच संपल्यावर तो बाकावर येऊन कोसळला. घामाने भिजला होता. ओपल समोर जाऊन उभी राहिली.

"दुखतोय ना?"

"मरणाचा दुखतोय," तो म्हणाला. अजून हसतच होता.

"मग नाही म्हणायचं होतंस. तुझा गुडघा ठाऊक आहे सगळ्यांना. समजून घेतलं असतं."

"समजून तर सगळेच घेतात गं," वेल्डन म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो गुडघा चोळत होता आणि नाचणाऱ्यांकडे बघत होता.

"तिला माहीत होतं तुला नाचता येत नाही."

"हो तर. तरी म्हणाली ऊठ."

ओपलला वाटलं, याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. मग वाटलं, व्हर्लीनच्या झिंज्या धराव्यात. पण व्हर्लीन ऑरिन टटलला घेऊन केव्हाच पुढच्या नाचात गेली होती, आणि ठेवून द्यायला वेल्डनने काही केलं नव्हतं. इतकी वर्षं आपण याच्यासाठी बसून राहिलो, आणि हा तिथे बसून कुणीतरी ऊठ म्हणायची वाट बघत होता. ते म्हणायला फार काही लागत नव्हतं. एक उद्धट बाई पुरली.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्याबरोबर चल. बायकांचं बोलावणं संपलं असलं तरी चल."

वेल्डनने तिच्याकडे पाहिलं. त्याला आनंद झाला हे तिला स्पष्ट दिसलं. त्याने बाकाची कड धरली, उजव्या पायावर जोर दिला आणि अर्धवट उठला. डावा पाय जमिनीला टेकताच त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो पुन्हा खाली बसला.

"आता नाही होत गं," तो म्हणाला. "खरंच नाही होत."

तो खोटं बोलत नव्हता. त्या पायात एकच नाच होता, आणि तो व्हर्लीन घेऊन गेली होती.