फळ्याचे तीन पंच

१९७९ साली, हिंगणघाटला गिरणीचा संप चालू असताना, आमच्या कामगार वस्तीतल्या कवडूचा डावा डोळा गेला. फळ्यावरच्या एका ओळीपायी.

विहिरीजवळच्या भिंतीवर वस्तीने काळा फळा रंगवला होता. बातमी, तक्रार, कुणावरचा राग, कोणीही खडूने लिहावे. पुसायचा हक्क मात्र हात वर करून निवडलेल्या तीन पंचांचा: गिरणीत सूत गुंडाळणारी रुख्माबाई, फिटर तानबा आणि सायकलदुकानवाले भैय्याजी. दोघांचे एकमत झाल्याशिवाय काही पुसायचे नाही, हा नियम रुख्माबाईचा. पूर्वी तानबा एकटाच मनाला येईल ते पुसून टाकायचा.

त्या सकाळी मी पाणी भरत होते. फळ्यावर लिहिलेले होते, ‘कवडू मालकाचा खबऱ्या आहे.’

रुख्माबाई म्हणाली, “हे पुसा, तानबाजी. कवडू कालपर्यंत बायकोपाशी वर्ध्याच्या दवाखान्यात होता. मी सोता डबा घेऊन गेलती.”

“तिथून मालकाच्या बंगल्यावर नाई गेला कशावरून? देऊ द्या त्याले फळ्यावर जवाब.”

“त्याले लिहिता येते काय?”

“मंग नियम काऊन केला तुमी? आता एकटीनं पुसान, तर मी सभा बोलावतो.”

एकाला एक. भैय्याजी वडनेरला गेलेले. त्यांचे मत घ्यायला रुख्माबाई बसस्टँडवर धावली.

संपाचा दुसरा महिना होता, घरोघरी डबे रिकामे. ज्यांना वाचता येत होते त्यांनी इतरांना ओळ वाचून दाखवली. पंचांनी पुसली नाही, म्हणजे खरीच असणार, असे लोकांनी धरले. कवडूला केस धरून घराबाहेर ओढले. काठ्या, पायताणे, सायकलची साखळी.

“मी खबऱ्या नाई बे! पोरीची आण!”

कोणीतरी दगड उचलला. कवडूने तोंडावर धरलेल्या बोटांतून रक्त आले. तेव्हा तानबाच मधे घुसला. “बस करा बे, मरन तो!” त्याचेही डोके फुटले.

रुख्माबाईबरोबर भैय्याजी लांबूनच ओरडत आले, “माझा होकार आहे, पुसून टाका!” कोणी हलले नाही. रुख्माबाईने खाली बसून कवडूचे डोके मांडीवर घेतले.

आठवड्याने सभा भरली. डोक्याला पट्टी बांधलेला तानबा म्हणाला, “दोघायची वाट पाह्यली म्हणून हे झालं. हक्क एकाले द्या.”

“नाई,” रुख्माबाई उभी राहिली. “पुसाले दोघंच पायजेत. पण झाकाले एक पुरे. ज्याले शंका आली त्यानं फळ्यावर पोतं टांगावं, बाकीचे पंच येईपर्यंत. अन् मी सोडते. माझ्या जागी कवडूले घ्या.”

“त्याले वाचता नाई येत, बाई!”

“म्हणूनच. इचारल्याबिगर तो काहीच करणार नाई.”

हात वर झाले. तानबाचा सगळ्यांत शेवटी.

पुढच्या वर्षी ओळ आली, ‘तानबाने संप विकला.’ माणसे काठ्या घेऊन जमली होती. काय लिहिले आहे ते कवडूने विचारून घेतले, पोते टांगले आणि भैय्याजी येईपर्यंत फळ्याला पाठ लावून बसून राहिला. “पह्यले मले मारा,” एवढेच म्हणाला. कोणी मारले नाही.

तानबा पुढे मुलाकडे नागपूरला गेला, तिथेच वारला. भैय्याजींचे दुकान पुतण्या चालवतो. रुख्माबाई १९८८च्या उन्हाळ्यात गेली. तिला खांदा द्यायला तानबा नागपूरहून आला होता. कवडू अजून आहे. त्याला हाक मारायची असली की वस्तीतली माणसे आजही वळसा घेऊन त्याच्या उजवीकडे येतात.