खोकल्याचे बटण

मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नव्हे, मित्रांनो. टीव्हीवर खेळांचे समालोचन करणाऱ्यांच्या टेबलावरचे. मला सगळे 'खोकल्याचे बटण' म्हणतात. खोकला आला की समालोचक मला दाबतो. मी खाली असेपर्यंत त्याचा आवाज बंद राहतो. मैदानावरचा गलका मात्र प्रेक्षकांपर्यंत जातच असतो, कारण तिथले मायक्रोफोन वेगळे असतात. अंगठा उचलला की मी वर येते आणि समालोचन पुन्हा सुरू होते.

माझ्या पोटात दोन पितळी पट्ट्या आणि बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग आहे. ध्वनितंत्रज्ञ काकांनी मला जोडले, तेव्हा पाचशे वेळा दाबून पाहिले आणि दर वेळी कागदावर रेघ मारली. त्यांचा चहा निवून गेला, पण एकही रेघ त्यांनी गाळली नाही.

त्याच वर्षी एक नवी समालोचक माझ्यासमोर येऊन बसली. पूर्वी ती स्वतः धावायची. गुडघा दुखावल्यावर बोलण्याकडे वळली. तिच्या पहिल्या थेट शर्यतीत, शेवटच्या फेरीआधी, घसा खाकरायला तिने मला दाबले आणि घाबरून अंगठा तिथेच ठेवला. ती जीव तोडून बोलत होती आणि घरोघरी नुसता गलका ऐकू जात होता. हेडफोनमध्ये दिग्दर्शक ओरडला, "बाई, आवाज कुठाय?"

ती काकांकडे वळली. "बोलतेय की मी मघापासून!"

"अगं, तो अंगठा उचल आधी!"

तोवर शर्यत संपली होती. तिचा धाकटा भाऊ पुढे कित्येक वर्षे चिडवायचा, "ताई, तुझी सगळ्यात छान कॉमेंट्री तीच!"

ती रडत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तासभर आधी आली आणि डोळे मिटून मला दाबण्या-सोडण्याचा सराव करत राहिली. पुढची एकोणीस वर्षे, प्रत्येक प्रक्षेपणाआधी, ती स्पिरिटच्या बोळ्याने माझ्या कडा पुसायची आणि मला दहादा दाबून बघायची. कौतुक तिचे व्हायचे, माझे नाही, आणि ते योग्यच होते. माझ्याकडे कुणाचे लक्ष जाते, ते मी चुकले तरच.

मग तिच्या स्वरतंतूवर गाठ आली. शस्त्रक्रिया झाली. आठ महिने तिची खुर्ची इतरांकडे होती. त्यातल्या एकाने माझ्यावर गोड चहा सांडला आणि वरवर पुसला. साखर आत झिरपून सुकली. मी खाली जायचे, पण वर यायला रेंगाळायचे. कुणीतरी माझ्याशेजारी चिठ्ठी चिकटवली: 'हळू दाबा.' झाली माझी दुरुस्ती!

ती परतली तेव्हा दिग्दर्शकाने स्पष्टच सांगितले, "दहा हजार मीटरची अंतिम शर्यत. पंचवीस फेऱ्या. आवाज टिकला तर खुर्ची तुमची. नाहीतर पुढच्या मोसमापासून ऑफिसातलं काम."

"टिकेल," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मग तिने मला दाबून पाहिले, चिठ्ठी वाचली आणि ओरबाडून काढली. "काका, स्क्रू ड्रायव्हर आणा."

"शर्यतीला अर्धा तास राहिलाय."

"म्हणूनच म्हणतेय!"

काकांनी चार स्क्रू काढले, तिने पट्ट्या पुसल्या. पाचशे वेळा दाबायला सवड नव्हती. पन्नास रेघा तरी मारल्याच.

चोवीस फेऱ्यांत ती अकरा वेळा खोकली. अकराही वेळा मी ताठ वर आले. शेवटच्या वळणावर दोन धावपटू खांद्याला खांदा लावून होत्या, आणि तिचा घसा दाटला. पुढचा शब्द फाटणार हे तिला कळले. तिने मला दाबले आणि दाबूनच ठेवले. चौदा सेकंद फक्त गर्दीचा आवाज. मी सगळे बळ स्प्रिंगमध्ये गोळा केले. आता अडकले असते, तर तिची खुर्ची माझ्यामुळे गेली असती.

तिने अंगठा उचलला. मी वर आले.

"जिंकली! एका पावलानं जिंकली, आणि आता हरलेलीला उठवायला मागे धावतेय!" आवाज खरखरीत होता, पण फाटला नाही.

हेडफोनमध्ये दिग्दर्शक म्हणाला, "पुढच्या मोसमाचं वेळापत्रक पाठवतो."

लगेच भावाचा फोन आला. "ताई, खरं सांग, पुन्हा अंगठा अडकला ना?"

"गाढवा, या वेळी मी ठेवला होता!"

मित्रांनो, मी अजून त्याच टेबलावर आहे. तुमच्याकडची एखादी जुनी वस्तू अडखळू लागली, तर तिच्यावर चिठ्ठी चिकटवू नका. चार स्क्रू काढा आणि आत बघा. बहुतेक वेळा नुसती साखर असते.