आजीची कृती

कोपरीच्या बाजारात बोंबील बांधायला घेतलेल्या रद्दीत जनाबाईला श्रीपादचा फोटो दिसला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारी टोपली मांडून बसणाऱ्या नंदाने वाचून दाखवलं. ठाण्याच्या श्रीपादने गहू आणि जांभळं घालून नव्या चवीची बिअर काढली आहे, कृती त्याच्या आजीची आहे, बाटल्या पावसाळ्यात येतील.

आजीची म्हणे. जनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

हा श्रीपाद विठ्ठलवाडीपलीकडच्या एका लहानशा बिअरच्या कारखान्यात केमिस्ट, आणि दर रविवारी तिच्याकडून पापलेट नेणारा. गेल्या नारळी पुनवेला तिने त्याला घरी बोलावून राखी बांधली आणि बरणीत मुरवलेली जांभळाची दारू चाखायला दिली. त्याने तीन पेले रिचवले आणि वही काढली. सासूकडून आलेलं सगळं तिने सांगितलं. गहू किती घालायचे, किती दिवस मुरवायचं, आणि जांभळं झाडावरून उतरवलेलीच घ्यायची, खाली पडलेली अजिबात नाहीत. बाटलीवर तुझं नाव घालतो, हे तो आपण होऊन म्हणाला. तिने मागितलं नव्हतं, पण सगळ्या कोळीवाड्याला सांगून मात्र ठेवलं होतं. आता बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. बरं, तक्रार तरी कुठे करणार? घरात चोरून दारू मुरवते, हे पोलिसांना आपणच सांगायचं?

आषाढात तो स्वतःच आला, निर्लज्जासारखा, बगलेत कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन. पहिली खेप तयार होती. पंधरा दिवसांनी मालक आणि हॉटेलवाले चाखायला बसणार होते, आणि जनाबाईच्या जिभेने पास केल्याशिवाय याला चैन पडेना.

तिने घोट घेतला. रंग छान, वास छान, गव्हाचा गोडवा बेताचा. गिळल्यावर मात्र टाळूपाशी पुसटसा आंबूस, मातकट. पडलेली जांभळं. स्वस्तात मिळाली असणार. आज कुणाला कळणार नव्हतं, पण पंधरा दिवसांत त्याचं व्हिनेगर होणार होतं. आत्ता सांगितलं तर कार्यक्रम पुढे ढकलून त्याची अब्रू वाचली असती.

बाई देवाला भिणारी. तिने एक संधी दिली.

"नाव कोनाचा टाकलंस बाटलीवर?"

श्रीपाद हसला. "अगं, आजी म्हटलं की माल खपतो. कोळणीचं नाव कंपनीत कसं चालेल? तुला समजतंच ना."

समजलं. जनाबाईने पेला पालथा ठेवला.

"बेस झालंय," ती म्हणाली. "बिनधास पाज लोकांना."

पंधरा दिवसांनी मालकाने पहिलाच घोट पाहुण्यांसमोर थुंकला. दुसऱ्या दिवशी भरबाजारात श्रीपाद जनाबाईपुढे उभा राहिला, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. काय चुकलं ते सांग, नाहीतर नोकरी जाते, म्हणाला. त्याने हात जोडले. नंदाने कोयता खाली ठेवला. आजूबाजूच्या सगळ्या बाया ऐकत होत्या, आणि जनाबाईला तेच हवं होतं. फार बरं वाटलं तिला. पापलेटावरची माशी हाकलत ती शांतपणे म्हणाली,

"मना कनाला इचारतंस, दादा? तुजे आजीला इचार."