पारोळ्याच्या पुढचं तीर्थ

माझा मुलगा पितांबर दहावीपर्यंत शिकला, पण गाडी तापली की बॉनेट उघडायच्या आधी हात जोडतो. तेही कोणापुढे, तर झुलाल महाराजापुढे. भडगावहून धुळ्याला जाताना पारोळं सोडलं की एक लांब चढ लागतो. त्या चढावर कडुनिंबाखाली महाराजांची गादी. उन्हाळ्यात तिथे दहा-बारा गाड्या वाफा सोडत उभ्या, आणि भोवती ही गर्दी. महाराज अंगारा कालवलेलं तीर्थ रेडिएटरमध्ये ओतायचे, तासभर पुटपुटायचे, मग म्हणायचे, कर चालू. गाडी चालू व्हायची. लोक लोटांगण घालायचे. दोनदा नारळ मीही फोडलाय, खोटं कशाला सांगू.

आमची मोटार जुनी, दोन लाख किलोमीटर पळालेली. गावात फिरताना तिला काही होत नसे. सून सुगंधाला धुळ्याला माहेरी न्यायला निघालो की त्या चढावर तापायचीच. चौथ्या वेळी महाराजांनी डोळे फिरवले आणि म्हणाले, "गाडीमा दोष नही शे. दोष बठनारीना पायमा शे." म्हणजे दोष गाडीत नाही, बसणाऱ्या सुगंधाच्या पायात. बारा अमावास्या तिला माहेरी ठेवा, असा हुकूम.

पितांबरने घरी येताच तिला पेटी भरायला लावली. पोरगी रडली नाही, गुपचूप लुगड्यांच्या घड्या घालत बसली. तेच मला खुपलं. वर्षभर माहेरी टाकलेली सून परत कोण आणतं? माझं तिच्याशी फार गूळपीठ नाही, भाजी कायम अळणी करते. पण जे तिने केलंच नाही, ते तिच्या नावावर का?

मी म्हटलं, उद्या सुगंधा घरी राहील आणि गाडी धुळ्याला जाईल. तापली नाही, तर मी स्वतः तिला माहेरी सोडून येते. पितांबर कुरकुरला, पण निघाला. मीही गाडीत बसले, आणि सोबत गाड्या दुरुस्त करणाऱ्या शालिग्राम मिस्त्रीला घेतलं.

त्याच चढावर गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. सुगंधा तर मागे भडगावात भाकरी थापत होती. महाराज डगमगले नाहीत. तिची छाया सीटवर राहिलीय म्हणे.

मी म्हटलं, "राहू द्या तिथेच. आज तीर्थ नको, मंत्र नको. गाडीला कोणी हात लावायचा नाही."

तासभर सावलीत बसलो. म्हातारीने कोप ओढवून घेतला, असं महाराज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मग पितांबरने चावी फिरवली. काटा खाली. चुलीवरून उतरवलेलं पातेलंही तेवढ्या वेळात निवतं, त्याला कोणी मंत्र म्हणतं का? गर्दीत चुळबूळ सुरू झाली.

शालिग्रामने रेडिएटरचा खालचा पाइप काढला. पाणी धड येईना. आधी राखेचा करडा लगदा पडला, मग क्षाराचे पांढरे पापुद्रे.

"अक्का, इंजिनाची आग पाणी इथे आणतं आणि या बारीक नळ्यांत निवतं," तो म्हणाला. "जुनी गाडी, अर्ध्या नळ्या खाऱ्या पाण्याने बुजल्या होत्या. उरलेल्यांतल्या बऱ्याच महाराजांच्या राखेने बुजवल्या. गावातल्या चार चकरांना चालून जातं, चढाला कुठून पुरणार?"

एक ट्रकवाला महाराजांच्या लोटीत बोट बुडवून बघू लागला, तेव्हा महाराजांना अचानक ध्यान लागलं.

आम्ही डब्यातलं चांगलं पाणी भरून, थांबत थांबत धुळे गाठलं, रेडिएटर साफ करून घेतला. परतताना तोच चढ मुद्दाम पुन्हा चढवून पाहिला. ऊन तेच, गाडी तीच. काटा मधोमध.

घरी आल्यावर सुगंधाच्या देखत मी बोलले, "पितांबर, गाडी तापली तर गाडी तपासायची, बायकोचे पाय नाही. महाराजाने फसवलं, ते मलाही फसवलं. पण तुला ते पटलं, कारण तपासलं असतं तर चूक तुझ्या देखभालीची निघाली असती. आता तिची माफी माग, माझ्यासमोर. आणि पुन्हा या घरात कोणाला दोष द्यायचा असेल, तर आधी खरं करून दाखव. मग तोंड उघड."