वर फेकलेला दगड

पहिल्या वर्षी बेबी अभ्यास करताना रडायची, दुसऱ्या वर्षी चिडायची. तिसऱ्या वर्षी तिला कंटाळाही येईनासा झाला. सकाळी उठून तोंड धुवावं तशी ती टेबलाशी जाऊन बसे आणि दिवे लागले की उठे. मधल्या वेळात काय वाचलं असं कुणी विचारलं असतं तर तिनं पुस्तकाचं नाव सांगितलं असतं, पुढचं नाही.

त्या काळी डॉक्टर व्हायचं तर सगळ्या देशाची मिळून एकच परीक्षा असे. घरोघरी तिला मोठी परीक्षा म्हणत. तीनदाच बसू देत, आणि बेबीची ही तिसरी खेप होती. एकोणीस वर्षांच्या मुलीला बेबी म्हणू नये, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आई ती लहान असतानाच गेली. घर सांभाळत होती आत्या, आणि वडील, म्हणजे अण्णा, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून औषधं बनवलेल्या माणसाला एकदा आपल्या पोरीच्या हातची चिठ्ठी वाचायची होती. एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते अण्णा कधी बोलून दाखवत नसत. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं आत्याला वाटे.

अण्णांनी दाराच्या कडीला फडकं गुंडाळलं होतं. रेडिओ कपाटावर चढला होता. खुर्च्या उचलून ठेवायच्या, ओढायच्या नाहीत. शेजारीण साखर मागायला आली तरी दारातच खुणा करी.

"मुक्यांच्या शाळेत नोकरी मिळेल मला आता," आत्या म्हणे. "भांडीसुद्धा कानगोष्टी केल्यासारखी घासते मी."

"हळू, ताई," अण्णा म्हणत.

"हळूच बोलतेय. याहून हळू म्हणजे मेलेलंच बरं."

बेबीला दोघांचं ऐकू येई. हसू येत नसे.

एका सोमवारी सकाळी अण्णा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "डॉक्टर काल विचारत होते. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शिकाऊ मुलगी घ्यायची आहे. रक्त तपासायचं, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा रंगवायच्या, असलं काम. दोन वर्षं शिकवतात आणि मग तिथंच चिकटवून घेतात. बेबीसाठी शब्द टाकतो म्हणाले."

"मग टाकू दे की," आत्या म्हणाली.

"अगं, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. म्हणजे परीक्षेवर पाणी सोडायचं. शनिवारी त्यांना नाही म्हणून सांगणार आहे."

"तिला विचारलंस?"

"क्लासात लागोपाठ पहिली येतेय पोरगी. तिला काय विचारायचं? काय गं, बेबी?"

"हं," बेबी म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच हं म्हणे. दुधात साखर हवी का म्हटलं तरी हं, आणि नको का म्हटलं तरी हं.

क्लास सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीवर होता. खाली चाकांत हवा भरत आणि वर डोक्यात, असं मुलं म्हणत. सर दर शनिवारी सराव परीक्षा घेत आणि मंगळवारी निकाल लावत. प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर काढलेल्या. मेणकागदावर प्रश्न कोरायला सरांना रात्री जागवाव्या लागल्या होत्या, म्हणून एकदा कोरलेले कागद ते वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवत आणि दर वर्षी त्याच क्रमानं त्यांच्याच प्रती काढत. परीक्षा झाली की प्रश्नपत्रिका परत गोळा करत. बाहेर काही जायचं नाही. मुलं दर वर्षी नवी येत, तेव्हा जुन्या प्रश्नांनी कुणाचं काय बिघडणार होतं? नापास झालेली मुलं दुसरीकडे जात, नोकरीला लागत, मुलींची लग्नं होत. त्याच माडीवर, त्याच बाकावर तिसऱ्या वर्षी येऊन बसणारं कुणी निघेल, हे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं.

बेबीनं काही पाठ करायचं ठरवलं नव्हतं. ते आपोआप झालं. नवव्या प्रश्नातल्या त्रिकोणाची एक बाजू मेणकागद फाटल्यामुळे तुटकी उमटे. ती तुटकी बाजू दिसली की तिचा हात 'ब'वर जाई. एका पानावर शाईचा डाग वाटाण्याएवढा पडे, त्याच्या खालच्या प्रश्नाला 'ड'. प्रश्न वाचायची गरजच उरली नव्हती. ही लबाडी आहे असं तिला वाटलं नाही आणि हुशारी आहे असंही नाही. खाली दुकानाशेजारच्या फळ्यावर सर तिचं नाव खडूनं सगळ्यांत वर लिहीत. जाता-येता ती ते वाचे, दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं.

त्या वर्षी एका गवंड्याची मुलगी उशिरा क्लासला आली होती. तिला सगळे नवी म्हणत. जुनी कोण, ते सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, निकालाचे कागद वाटून झाले आणि नवी उभी राहिली.

"सर, बारावा माझा बरोबर आहे."

"उत्तरं माझ्याकडे लिहिलेली आहेत, बाळ. तुझा चुकलाय."

"दगड सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला पोहोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती, असा प्रश्न आहे. तुम्ही शून्य बरोबर धरलंय."

"हो. तिथं तो थांबतो ना?"

"वेग थांबतो, सर. त्वरणही शून्य झालं तर तो खाली येईलच कशाला? तिथंच लटकून राहील." मग जरा घाबरून म्हणाली, "आमच्याकडे माडीवर विटा फेकतात खालून. वरच्यानं झेलली नाही तर येते ना ती डोक्यात?"

वर्ग हसला. सरांनी उत्तरांचा कागद उचलला, खाली ठेवला, चष्मा पुसला. अक्षर त्यांचंच होतं. इतकी वर्षं शून्याचं ते 'क' तिथं बसलं होतं. लिहिताना हात घसरला असेल, नाहीतर झोप आली असेल. ज्यांचं बरोबर होतं त्यांनी सरांचं ऐकून आपलं चूक मानलं होतं.

"बरोबर आहे तुझं," सर म्हणाले. "शून्य कुणीकुणी लिहिलंय? हात वर करा."

काही हात वर आले. कुणी अंदाजानं लिहिलं होतं, कुणी शेजारच्याचं पाहून. बेबीनंही हात वर केला. सरांची नजर तिच्यावर येऊन थांबली. सगळ्या पेपरात जिचा एकही प्रश्न चुकला नव्हता, तिनं हाच तेवढा चुकीचा लिहावा, आणि तोही नेमका कागदावरच्यासारखा?

वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"बारावा कसा सोडवलास?"

"सोडवला नाही, सर. आठवला."

"आणि बाकीचे?"

"तेही."

सर बाकावर बसले. खाली कुणीतरी सायकलची घंटा पुन्हापुन्हा वाजवून पाहत होतं.

"पहिल्या वर्षी मी त्वरण खालच्या दिशेनं असतं असं लिहिलं होतं," बेबी म्हणाली. "तुम्ही चूक दिलीत. मग मी शून्य लक्षात ठेवलं. मागच्या वर्षी मोठ्या परीक्षेतही आला होता हा."

"मग तिथं काय लिहिलंस?"

बेबीनं बोटानं बाकावर शून्य काढलं.

मग सरांनी पाठकोऱ्या कागदावर दहा प्रश्न हातानं लिहिले, तिथल्या तिथं सुचतील तसे, आणि तिच्यापुढे ठेवले. बेबीनं कागद पाहिला. डाग नव्हता, तुटकी रेघ नव्हती. ती प्रश्न वाचू लागली. एकेक ओळ दोनदा वाचावी लागत होती. चार सुटले. पाचवा अर्ध्यात राहिला. उरलेल्यांपुढे ती नुसती बसून होती. भीती वाटेल, असं तिला वाटलं होतं. भीतीही आली नाही.

सरांनी लाल पेन्सिल हातात घेतली आणि परत ठेवली.

"घरी कुणाला माहीत आहे?"

"नाही. अण्णा शनिवारी प्रयोगशाळेची जागा नको म्हणून सांगणार आहेत. मी पहिली येते म्हणून."

"मी येऊन बोलू का?"

"नको, सर. मीच सांगते."

"फळ्यावरचं नाव..." सर अडखळले.

"राहू द्या नाहीतर पुसा. काहीही चालेल."

सांगते म्हणाली खरी, पण बुधवार गेला, गुरुवार गेला. भांडण होईल म्हणून ती थांबली नव्हती. तोंड उघडायलाच जोर लागत होता, आणि तो कुठून आणायचा ते तिला कळत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी अण्णा जेवायला बसले आणि म्हणाले, "उद्या डॉक्टरांना सांगून टाकतो. बिचारे वाट पाहताहेत."

"अण्णा, ते पहिले नंबर खोटे आहेत," बेबी म्हणाली.

त्यांचा घास हातातच राहिला. तिनं सगळं सांगितलं: मेणकागद, डाग, दगड, दहातले चार. भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं.

"पाठ आहे म्हणजे येतंच की," अण्णा म्हणाले. "मला औषधं पाठच आहेत. कोण समजून देतं?"

"पाठ चुकीचं आहे, अण्णा. आणि परीक्षेत ते डाग नसतात."

"अजून वेळ आहे. रात्रंदिवस बसलीस तर..."

"बसतेच आहे ना ती," आत्या म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली, आणि तो आवाज त्या खोलीला मोठा वाटला. "आणखी किती बसायचं? मुळं फुटतील."

अण्णांनी ताट सारलं. बराच वेळ ते नखानं पाटाच्या कडेचा रंग खरवडत राहिले.

"ज्याला काही झालेलं नसतं, त्याला डॉक्टर रंगीत पाणी द्यायला सांगतात," शेवटी ते म्हणाले. "मी बाटली भरतो, चिठ्ठी चिकटवतो. माणूस खुशीत घरी जातो. इतकी वर्षं भरतोय मी ते. आणि घरात आलेलं ओळखता आलं नाही मला."

"मी मुद्दाम नाही केलं."

"तू केलंस असं कुठं म्हणतोय मी?"

शनिवारी ते नेहमीपेक्षा लवकर परतले. बूट न काढताच उंबऱ्यात उभे राहिले.

"हो म्हणून आलो. पहिल्या तारखेला हजर व्हायचं. पांढरा कोट ते देतात."

"हं," बेबी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. रडेल असं त्यांना वाटलं असावं, किंवा खूश होईल. दोन्हींची तयारी करून आले होते बिचारे. मग खुर्ची ओढून, हो, ओढूनच, ते तिच्यासमोर बसले.

"बेबी, तुला काय व्हायचं होतं गं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. ती प्रामाणिकपणे शोधू लागली. लहानपणचं काही, शाळेतलं काही. अण्णा थांबले होते. आत्या भाताचे तांदूळ निवडायचं सोडून पाहत होती.

"माहीत नाही, अण्णा."

"बरं," अण्णा म्हणाले. "मग आज अभ्यासाला बसू नकोस."

बेबी उठली. दोन खोल्यांचं घर, पण कुठं जावं हे तिला कळेना. आत्यानं सूप उचललं आणि सरकून जागा केली. बेबी तिच्याजवळ जाऊन बसली. हातांचं काय करायचं ते न कळल्यामुळे तिनं ते मांडीवर ठेवले.