सांडलेलं टिंब

हॉलमध्ये शंभरेक माणसं डोळे मिटून श्वास मोजत होती आणि श्वासगुरू ज्याच्या मागे उभे राहत, तो हुंदके देऊ लागत होता. गेलेली माणसं त्यांच्या तोंडून बोलतात, अशी ख्याती होती. बुद्धाचं ध्यान आणि पाश्चात्त्य मानसशास्त्र यांची आपण सांगड घातली आहे, असं ते सांगत. नेणिवेच्या तळाशी आपली माणसं जिवंतच असतात. तिथली गाठ सुटली की गोळ्या-बिळ्या लागत नाहीत.

बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांपूर्वीच सोडल्या होत्या. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. पण आई गेल्यापासून त्यांनी एकही घड्याळ उघडलं नव्हतं. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या त्यांच्या मुलीने समजावून पाहिलं, भांडून पाहिलं. ‘तुझा विश्वास नाही, म्हणून तुला आई भेटत नाही,’ असं बाबा म्हणाले, तेव्हा तिने वाद सोडला. आज ती शेजारी बसली होती, डोळे उघडे ठेवून, सारखी चुळबुळ करत.

गुरूंनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवला. क्षणभर थांबले, कान देऊन.

“त्या आल्या आहेत. म्हणतात, माझी चिता करू नका.”

बाबांनी डोळे उघडले.

“त्यांना अग्नी नको होता. तीच वेदना तुमच्यात साठली आहे.”

आठ महिन्यांपूर्वी अग्नी बाबांनीच दिला होता. “मला कधी बोलली नाही गं,” ते पुटपुटले.

मुलीने ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. मग तिचा हात सवयीने पर्समधल्या लाल पेनाकडे गेला.

“बाबा, इथल्या अर्जात आईबद्दल काय लिहिलंत?”

“तेच. शेवटपर्यंत म्हणायची ना, माझी चिंता करू नका.”

केसाएवढा स्क्रू कधी न हरवणारे बाबा लिहिताना अनुस्वार मात्र हमखास सांडत. टिंबं काय दुकानातच विसरलात, असं आई त्यांच्या चिठ्ठ्या वाचून विचारायची.

मुलगी उठली ती थेट, येताना अर्ज जिथे जमा केले होते त्या पडद्यामागे गेली. तिथे एक बाई अर्जांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन माइकमध्ये वाचत होती आणि गुरू ते कानातल्या इअरफोनवर ऐकत होते. वरचाच अर्ज बाबांचा. तो मुलीने बाबांच्या मांडीवर आणून ठेवला. ‘माझी चिता करू नका.’ अक्षर त्यांचंच.

ऊर्जा विस्कटतेय, सगळ्यांनी डोळे मिटा, असं गुरू सांगत राहिले. कोणी मिटले नाहीत. मागून एक आजी म्हणाल्या, “माझाही अर्ज आण गं बाई.”

“आई खरंच आली असती,” मुलगी हळूच म्हणाली, “तर तुमची चूक वाचली नसती, काढली असती.”

बाबांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि टिंब दिलं.

श्वासाकडे जरूर लक्ष द्यावं, मन निवतं. दुःख झेपेनासं झालं, तर शिकलेल्या डॉक्टरशी बोलावं. पण गेलेल्याचा निरोप कोणी आणला, तर आधी विचारावं, ह्याला हे सांगितलं कोणी? बहुधा आपणच.

जिना उतरताना बाबांनी विचारलं, “गोळी आहे का गं जवळ?”

पंधरा दिवस ती तिच्या पर्समध्येच होती.